छळाचा इतिहास आणि मुलांची वही

ब्रिटिश सरकारने सबंध जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा एक कायदा केला होता. काही वर्षांपूर्वी मी त्यावरून नववीच्या वर्गाला ‘गुन्हेगार जमाती कायद्याखाली जगलेल्या माणसाचे आत्मवृत्त’ असा विषय लिहायला दिला. वह्या तपासायला घेतल्या आणि पहिल्या पाच-सहा वह्यांतच काय झाले आहे ते ध्यानात आले. ‘काय, दचकलात ना? होय, मीच बोलतोय!’ अशी सुरुवात, मध्ये उपासमार, अश्रू आणि पोलिसांच्या काठ्या, आणि शेवटी ‘असो, तुम्ही माझे एवढे ऐकून घेतलेत यातच मला समाधान आहे’ असा निरोप. ज्या साच्यात आपली मुले पडक्या किल्ल्याचे मनोगत आणि फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त बसवतात, त्याच साच्यात त्यांनी एक हाडामांसाचा माणूस बसवला होता. भाषा शुद्ध होती, अक्षर वळणदार होते, परीक्षेत दहापैकी आठ गुण सहज पडले असते. मात्र तो माणूस कोणत्या गावचा, त्याच्यावर बंधन कोणी घातले, कोणत्या कागदाने घातले आणि ते मोडले तर काय होत असे, यातले एक अक्षरही कोणत्याच वहीत नव्हते. दोष मुलांचा नव्हता. मी त्यांना रडायला सांगितले होते आणि ती आज्ञाधारकपणे रडली होती.

एखाद्या समाजाचा छळ हा विषय वर्गात शिकवणे अवघड का जाते, याचे उत्तर बहुधा ‘मुले लहान असतात’ असे दिले जाते. मला ते पटत नाही. खरी अडचण अशी आहे की छळ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर मारहाण येते, आणि मारहाण हा छळाचा सर्वांत दिसणारा, पण सर्वांत लहान भाग असतो. एखादी दंगल एका रात्रीत होते आणि विझते. पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या छळाला मात्र कचेरी लागते, नोंदवही लागते, शिक्के लागतात, आणि हे सारे रोज नेमाने चालवणारी, घरी मुलाबाळांशी प्रेमाने वागणारी साधी माणसे लागतात. नाझी जर्मनीने १९३८ साली ज्यू पुरुषांच्या नावाला ‘इस्राएल’ आणि स्त्रियांच्या नावाला ‘सारा’ हे जादा नाव लावण्याची सक्ती केली आणि त्यांच्या पासपोर्टवर ‘जे’ हे अक्षर उमटवायला सुरुवात केली, तेव्हा ते काम कारकुनांनीच केले होते. त्या वाटेच्या शेवटी जो संहार झाला त्याच्याशी दुसऱ्या कशाची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. कागदाची रीत कशी असते, एवढेच दाखवायचे आहे. ही रीत मुलांना कळावी, तर ती लिहून कळते, असा माझा अनुभव आहे. ते लिहिणे कोणते, हे सांगण्यासाठी आपल्या घरचेच उदाहरण घेतो.

१२ ऑक्टोबर १८७१ रोजी ब्रिटिश सरकारने त्या वर्षीचा सत्ताविसावा कायदा मंजूर केला. ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, असे त्याचे नाव. एखादी टोळी, जमात किंवा माणसांचा वर्ग सवयीने गुन्हे करतो असे सरकारला वाटले, तर त्या सबंध समूहाला गुन्हेगार जाहीर करण्याचा अधिकार या कायद्याने दिला. विधेयकाच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्याचा मथितार्थ असा होता की या देशात धंदे जातीने चालतात. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तेव्हा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होणार. १८५७ च्या उठावानंतर एका जागी न राहणाऱ्या माणसांविषयी सरकारच्या मनात संशय बसला होताच. त्यात बैलांच्या पाठीवरून मीठ आणि धान्य वाहणाऱ्यांचा धंदा रेल्वेने खाल्ला, शिकारीवर जगणाऱ्यांचे रान वनकायद्यांनी बंद केले, आणि ज्यांचे पोट असे तुटले त्यांनाच ‘यांना पोटापाण्याचा दिसणारा धंदा नाही, म्हणजे हे चोरच’ असे ठरवणे सोपे झाले.

पहिला कायदा उत्तर हिंदुस्थानातल्या काही प्रांतांपुरता होता. १९११ साली तो सुधारून अधिक कडक झाला आणि मुंबई इलाख्यासह सर्वत्र लावता येऊ लागला. १९२४ मध्ये सगळ्या तरतुदी पुन्हा एकत्र बांधल्या गेल्या. त्याचे काम कसे चाले ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. आधी सरकारी राजपत्रात जमातीचे नाव जाहीर होई. मग त्या जमातीतल्या माणसांची नोंदवही तयार होई आणि बोटांचे ठसे घेतले जात. नोंदल्या गेलेल्या माणसाला ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, राहण्याचे ठिकाण कळवावे लागे, गाव सोडायचे तर त्याची वर्दी द्यावी लागे किंवा परवाना घ्यावा लागे. सरकारला वाटल्यास पूर्ण जमात उचलून वसाहतीत ठेवता येई, आणि मुलांना आईबापांपासून काढून सुधारशाळेत घालता येई. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की जमातीला गुन्हेगार ठरवणारी जाहीर सूचना चूक आहे, असे म्हणून कोणाला न्यायालयात जाता येत नसे. तशी दादच घेऊ नये, असे कायद्यातच लिहिलेले होते. म्हणजे जन्म झाला की आरोप सिद्ध, आणि खटला कधीच नाही.

महाराष्ट्रातल्या मुलांना हे दूरचे वाटायचे कारण नाही. सोलापुरात कापडगिरण्यांना मजूर हवे होते आणि सरकारला ‘गुन्हेगार’ ठरवलेली माणसे एका जागी डोळ्यांसमोर हवी होती. या दोन गरजा जुळल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे मोठी वसाहत उभी राहिली. पारधी, कैकाडी, कंजारभाट, टकारी अशा अनेक समाजांची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहू लागली. दिवसा गिरणीत काम करायचे आणि संध्याकाळी कुंपणात परत यायचे, असा तो क्रम होता. ज्यांची वर्तणूक चांगली असल्याची खात्री पटे त्यांना कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वस्तीत राहू देत. आजही सोलापूरकर त्या भागाला ‘सेटलमेंट’ म्हणतात आणि तेथल्या वस्त्यांच्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे शब्द दिसतात. पत्त्यातला ‘फ्री’ हा शब्द कशापासून सुटका सांगतो, हे रिक्षात बसून तो पत्ता सांगणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल, कोण जाणे.

मुंबई प्रांताने हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला आणि देशभरात तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. म्हणूनच या समाजांना ‘विमुक्त’ म्हणतात आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. मी फळ्यावर १५ ऑगस्ट १९४७ आणि ३१ ऑगस्ट १९५२ या दोन तारखा लिहितो आणि वजाबाकी करायला सांगतो. पाच वर्षे आणि सोळा दिवस. एवढे गणित केल्यावर वर्गात जी शांतता पडते, ती माझ्या तासभराच्या भाषणाने कधी पडलेली नाही.

आता लिहिण्याकडे येतो. पाठ्यपुस्तकी प्रश्न ‘हा कायदा कधी झाला’ एवढेच विचारतो आणि उत्तर एका ओळीत संपते. त्याच्या दुसऱ्या टोकाला माझ्यासारखा उत्साही शिक्षक ‘त्या माणसाच्या जागी स्वतःला कल्पून लिहा’ असे सांगतो. पहिल्या प्रकारात मुलाला काही वाटण्याची गरजच पडत नाही. दुसऱ्यात काही माहीत असण्याची गरज पडत नाही. दोन्हींच्या मधली वाट अशी की मुलाने कागदाला धरून लिहावे, स्वतःच्या ओळखीच्या गोष्टीवरून त्या कागदाचा अर्थ लावावा, आणि जेथे आपल्याला कळत नाही तेथे कळत नाही असे लिहावे.

मी सुरुवात ‘हजेरी’ या शब्दापासून करतो. रोज सकाळी पहिल्या तासाला मी हजेरी घेतो. नाव पुकारले की मूल ‘हजर’ म्हणते; कधी मित्राच्या वतीनेही म्हणते, हा भाग वेगळा. त्या दिवशी हजेरी झाली की हजेरीपत्रक मिटण्याऐवजी टेबलावर उघडेच ठेवतो आणि विचारतो की या वहीत तुमच्याविषयी काय काय लिहिले आहे. नाव, जन्मतारीख, जात, पत्ता. मग विचारतो, ही वही पोलीस चौकीत असती तर? गैरहजेरीबद्दल पालकांची चिठ्ठी आणण्याऐवजी सक्तमजुरी असती तर? ज्यांच्या आजोबांना किंवा पणजोबांना अशी हजेरी द्यावी लागली, त्यांच्या घरांत हाच शब्द कोणत्या आवाजात उच्चारला जात असेल, हे मुलांना सांगावे लागत नाही.

यानंतर पहिले लेखन येते. त्याला मी ‘दिवसाची वजाबाकी’ म्हणतो. मुलांनी आधी आपल्याच मागच्या रविवारचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत जसाच्या तसा, वेळ घालून लिहायचा. त्यात रंगवून काही लिहायचे नाही. मग त्याच दिवसावर कायद्याचे नियम ठेवायचे: ठरलेल्या वेळी अमुक ठिकाणी हजर राहिले पाहिजे, गावाच्या हद्दीबाहेर परवान्याशिवाय जाता येत नाही, रात्री आपल्याच घरी असले पाहिजे. ज्या गोष्टी करता आल्या नसत्या त्या एकेक खोडायच्या, आणि उरलेला दिवस पुन्हा स्वच्छ लिहून काढायचा. वाचायला हे अगदी साधे वाटते. प्रत्यक्षात मुले आजोळी जाणे खोडतात, संध्याकाळचा क्रिकेटचा सामना खोडतात, दवाखाना खोडताना थबकतात आणि विचारतात, ‘सर, आजारी पडले तरी?’ या प्रश्नाचे उत्तर मी देत नाही. कायद्यातल्या हजेरीच्या अटी पुन्हा वाचायला सांगतो.

एका मुलीने तिच्या वहीत शेजारच्या गावातल्या मावशीच्या बाळाच्या बारशाचा दिवस घेतला होता. सगळे खोडून झाल्यावर तिच्या दिवसात दोन हजेऱ्यांच्या मधले दुपारचे काही तास तेवढे शिल्लक राहिले. खाली तिने लिहिले होते, ‘मला काही मारले नाही, उपाशी ठेवले नाही, पण बारशाला मी नव्हते आणि का नव्हते हे बाळाला मोठे झाल्यावर सांगता येणार नाही.’ आधीच्या बेचाळीस आत्मवृत्तांत अश्रू होते. येथे एकही नव्हता. तरीही छळ म्हणजे काय, ते या एका वाक्यात मला जास्त नेमके सापडले.

दुसरे लेखन व्याकरणाचे आहे, आणि मराठीच्या शिक्षकाला त्यात विशेष गोडी वाटावी. आपली सरकारी मराठी कर्त्याला लपवण्यात वाकबगार आहे. ‘आदेश देण्यात आले’, ‘नोंद घेण्यात यावी’, ‘सदर इसमास ताब्यात घेण्यात आले’, ‘कुटुंबांचे स्थलांतर करण्यात आले’. वाक्य पूर्ण होते, काम पार पडते, आणि ते कोणी केले हे कोठेच येत नाही. मी फळ्यावर अशी चार-पाच वाक्ये लिहितो आणि मुलांना ती कर्ता घालून फिरवायला सांगतो. वाक्य असे फिरवायचे म्हणजे कर्ता शोधावा लागतो, आणि कर्ता शोधायचा म्हणजे इतिहास वाचावा लागतो. ‘कुटुंबांना वसाहतीत हलवण्यात आले’ याचे ‘सरकारने कुटुंबांना वसाहतीत हलवले’ एवढे झाले की पहिला टप्पा झाला. पण सरकार म्हणजे कोण? सही कोणाची, बैलगाडी कोणी आणली, नोंदवहीत नाव कोणी घातले, गावातून जाताना दारात उभे राहून कोणी पाहिले? एका कर्त्याच्या जागी सहा-सात कर्ते येतात. इंग्रज अधिकारी त्यात असतो, आणि गावचा पाटील, कारकून, हवालदार, मुकादमही असतो. छळ कोणा एका दुष्टाने केला नाही, हे वाक्य मी वर्गात कधीच उच्चारत नाही. वाक्ये फिरवता फिरवता ते मुलांच्याच वहीत उतरते.

येथून पुढची पायरी थोडी अंगावर येणारी आहे. मुलांनी भोगणाऱ्याच्या जागी बसून लिहिण्याऐवजी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून लिहायचे. एक नोंदवही आखायची: नाव, बापाचे नाव, जमात, वय, ओळखीची खूण, बोटांचे ठसे, राहण्याचे ठिकाण, हजेरीची वेळ, शेरा. कल्पनेतल्या एका कुटुंबाची नोंद कारकुनाच्या थंड भाषेत करायची. मग त्याच कागदाच्या मागच्या बाजूला, या रकान्यांत जे मावले नाही त्याची यादी करायची. मुले लिहितात की या माणसाला कोणती कला येते याचा रकाना नाही, त्याची मुलगी काय खेळते याचा नाही, आणि त्याने गुन्हा केला आहे का याचाही नाही. शेवटची उणीव प्रत्येक वर्गात कोणाच्या तरी ध्यानात येते, आणि बहुतेक वेळा ती मागच्या बाकावरून येते.

शब्दांचा अभ्यास मी फार लांबवत नाही, पण तो टाळतही नाही. ‘भामट्याने वृद्धेला गंडवले’ अशा मथळ्यांची कात्रणे मुले सहज गोळा करून आणतात. मग महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीतले ‘राजपूत भामटा’ हे नाव त्यांना दाखवायचे. आधी कोणता अर्थ आणि मागून कोणता, या वादात पडण्याचे कारण नाही. आपल्या वर्गमित्राच्या जातीच्या दाखल्यावरचा शब्द रोजच्या वर्तमानपत्रात शिवी म्हणून छापला जातो, एवढे पुरे आहे. तोच मथळा त्या शब्दाविना लिहून दाखवा, असे सांगितले की मुलांच्या लक्षात येते की बातमीतले काहीच कमी होत नाही.

आता एक असे उदाहरण, जे मी प्रत्येक वर्गात हटकून सांगतो, कारण ते एका विद्यार्थिनीने लिहिलेले आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध दोन भागांत प्रसिद्ध झाला. लिहिणारी मुक्ता साळवे मांग समाजातली, सुमारे चौदा वर्षांची, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. छळाविषयी विद्यार्थ्याने लिहिलेला याहून जुना आणि याहून ठसठशीत मराठी मजकूर मला माहीत नाही. वर्गात तो वाचताना मी मुलांना एकच काम देतो: मुक्ताने काय केले आहे ते पाहा. तिने आपल्या दुःखाचे वर्णन करताना विशेषणांची रास ओतलेली नाही. पेशवाईत आपल्या लोकांना काय भोगावे लागले त्याच्या, लोकांच्या स्मरणात असलेल्या गोष्टी ती एकामागून एक मांडते: इमारतींच्या पायात माणसे पुरल्याची, तालीमखान्यापुढून गेल्याबद्दल डोके उडवल्याची, लिहिण्या-वाचण्याची चोरी असल्याची. वेद जर ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न ती विचारते. बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परही नसते, थंडी-वारा-पाऊस अंगावर घ्यावा लागतो, हे सांगून वाचणाऱ्याला ती म्हणते की यावरून त्यांना काय होत असेल त्याचा विचार स्वतःच्या अनुभवावरून करा. आणि शेवटाकडे ती आपल्याच लोकांकडे वळून त्यांना शिकण्याचे आवाहन करते.

तिचे ‘स्वतःच्या अनुभवावरून करा’ हे म्हणणे आणि आपले ‘तिच्या जागी स्वतःला कल्पा’ हे सांगणे यांत बरेच अंतर आहे. मुक्ता वाचणाऱ्याला आपल्या जागी येऊन बसायला सांगत नाही. तू तुझ्याच घरात, तुझ्याच छपराखाली बस, तुझ्या घरातले बाळंतपण आठव आणि मग छप्पर काढून पाहा, असे ती सुचवते. वाचणाऱ्याचा अनुभव ही मोजपट्टी आहे. मोजायची वस्तू तिच्याकडे आहे. दिवसाची वजाबाकी हा जो प्रकार मी वर सांगितला, त्याची कल्पना मला तिच्या या एका ओळीवरून सुचली, हे येथे कबूल करायला हवे.

कल्पनेला पूर्ण मज्जाव करावा, असे मात्र मी म्हणणार नाही. कल्पना नसेल तर मुलाला दुसऱ्याच्या दाराशीही पोहोचता येत नाही. फक्त कल्पना आणि कागद यांची सरमिसळ होता कामा नये. त्यासाठी आमच्या वर्गात दोन रंगांचा नियम आहे. जे कायद्यात, नोंदीत, आठवणीत किंवा मुलाखतीत सापडले ते निळ्या शाईने लिहायचे. जे आपण मनाने जोडले ते पेन्सिलीने. लिहून झाले की वही हातभर लांब धरून पाहायची. पान सगळे पेन्सिलीचे दिसत असेल तर वाचनालयात परत जायचे. सगळे निळेच असेल तर आपण फक्त उतारा केला आहे. पहिल्या वर्षी एका मुलाचे पान जवळजवळ पूर्ण पेन्सिलीचे निघाले. त्याने तारेच्या कुंपणाजवळ उभ्या असलेल्या मुलाचे रडणे तीन परिच्छेद रंगवले होते. मी त्याला एकच विचारले: कुंपणातून बाहेर काय दिसत असेल? सोलापुरात होता तर गिरणीचे धुराडे दिसले असते, भोंगा ऐकू आला असता, सकाळी पाळीला जाणारे लोक दिसले असते. दुसऱ्या खेपेला रडणे अर्ध्या ओळीवर आले आणि भोंगा आला.

या कामातला सर्वांत नाजूक भाग वर्गात कोण बसले आहे हा आहे, आणि त्यावर थांबून बोलले पाहिजे. महाराष्ट्राच्या बहुतेक शाळांत विमुक्त समाजातली मुले असतात; शिक्षकाला ते हजेरीपत्रकावरून ठाऊक असते, आणि मुलांनाही शिक्षकाला ठाऊक आहे हे ठाऊक असते. अशा मुलाला ‘तुझ्या घरी आजोबांनी काही सांगितले असेल तर सांग’ असे भर वर्गात म्हणणे ही मदत नाही. चौकीतल्या नोंदवहीतून नाव पुकारण्याचाच तो मवाळ प्रकार आहे. सांगायचे की नाही, लिहिलेले वाचून दाखवायचे की नाही, वही कोणाला दाखवायची, हे सारे त्या मुलाच्या मर्जीवर सोडावे. ज्याला आपल्या घरचे लिहायचे नाही त्याने दुसऱ्याच कागदावर लिहावे, आणि त्याबद्दल त्याला कारण विचारू नये. मी पाहिलेल्या एका शाळेच्या स्नेहसंमेलनात या विषयावर नाटुकले बसवले होते आणि दिग्दर्शकांनी मोठ्या सद्‌भावनेने अशाच एका समाजातल्या मुलाला ‘पकडला गेलेला’ माणूस केले होते. पोलीस झालेल्या मुलाने काठी उगारली, प्रेक्षक हसले. मुलांना छळणारा आणि छळलेला असे वाटून अभिनय करायला लावू नये, असे माझे ठाम मत तेव्हापासून आहे. लिहिताना मूल खोडू शकते, थांबू शकते, पान दुमडू शकते. रंगमंचावर उभे असताना यातले काहीच करता येत नाही.

शिक्षकाने स्वतःचेही पाहावे. मी कोणत्या घरातून आलो, माझ्या आजोबांच्या गावात चोरी झाली की आधी कोणाच्या पालावर लोक जात, हे मी मुलांसोबत बसून त्याच दोन रंगांत लिहिले आहे. माझे पान बरेचसे पेन्सिलीचे निघाले, कारण घरात हे कोणी कधी बोललेच नव्हते. मुलांना ते पान मी दाखवतो.

गुणांचा प्रश्न येतोच, कारण शाळा आहे. किती हृदयस्पर्शी लिहिले याला मी गुण देत नाही. हृदयस्पर्शी लिहिण्याचे साचे बाजारात मिळतात. कागद किती नीट वाचला, कर्ता किती वेळा सापडला, आणि ‘हे मला समजले नाही’ असे किती प्रामाणिकपणे लिहिले, याला गुण मिळतात. शेवटच्या बाबीला गुण आहेत हे कळल्यावर मुले सुरुवातीला थोडी लबाडी करतात आणि जे कळते तेही न कळल्यासारखे लिहितात. ते दुसऱ्या वाचनात उघडे पडते आणि सगळेच हसतात.

आणखी एक सवय मोडावी लागते, ती सुखान्ताची. ‘मग देश स्वतंत्र झाला आणि त्यांच्या आयुष्यात पहाट झाली’ हे वाक्य मुलांच्या हातून आपोआप उतरते. त्यावर मी काही बोलत नाही. फळ्यावरच्या त्या दोन तारखांकडे बोट दाखवतो आणि त्यांच्याखाली तिसरी ओळ लिहितो: मुंबई सराईत गुन्हेगार कायदा, १९५९. जमातीऐवजी व्यक्तीला ‘सराईत’ ठरवून तिची नोंद ठेवणारा हा कायदा. त्यानंतर मुले आपला शेवट स्वतःच बदलतात, किंवा गोष्ट मध्येच सोडून देतात, आणि दोन्ही मला चालते.

यंदा आत्मवृत्त हा विषय मी काढून टाकला आणि त्याऐवजी अर्ज लिहायला दिला. अर्जाचा नमुना सगळ्यांनाच पाठ असतो. नोंद झालेल्या माणसाने बहिणीच्या लग्नाला दुसऱ्या गावी जाण्यासाठी परवाना मागायचा, एवढाच विषय. एका मुलीने निळ्या शाईने रीतसर अर्ज केला: प्रति, विषय, महोदय, किती दिवस, कोणत्या रस्त्याने, सोबत कोण, परत केव्हा. ‘आपला विश्वासू’ लिहून तिने ते खोडले आणि नुसते ‘आपला’ ठेवले. सहीच्या जागी पेनाची शाई लावून स्वतःचा अंगठा उमटवला होता. त्याच्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात एवढेच होते: ‘याला सही करता येत होती का, हे कोणी विचारले होते का?’